जुन्या स्टॉक कार चालक-मालकाची कारकीर्द कशी नोंदवावी

ही नोंद मुख्यतः अमेरिकेतल्या नॅसकार या संस्थेच्या स्टॉक कार शर्यतींची, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींची. एका शर्यतीला एक ओळ. रकाने असे आखा: तारीख, हंगाम, मालिका, ट्रॅक (लांबी, माती की डांबर), गाडीचा क्रमांक, मेक (गाडी बनवणारी कंपनी), चालक, मालक, शर्यत संपल्याचा झेंडा पडला तेव्हाचा क्रमांक, अधिकृत क्रमांक, पूर्ण केलेले लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या), बक्षीस, गाडी बाहेर पडली असल्यास कारण. एवढे रकाने कशाला, असं वाटेल. पण यातला एक जरी गाळला तरी आकडे जुळत नाहीत.

चालक आणि मालक कधीही एकत्र करू नका. 1949 च्या पहिल्या हंगामाचा अजिंक्यवीर रेड बायरन, पण गाडी रेमंड पार्क्सची. ज्युनियर जॉन्सनचे 50 विजय चालक म्हणून आहेत. मालक म्हणून मिळवलेली सहा अजिंक्यपदं वेगळी, त्या गाड्या केल यारबरो आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांनी चालवल्या. बेरजाही दोन वेगळ्या करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो निकालात. तेव्हा प्रत्येक गाडीचे लॅप माणसं कागदावर हाताने टिपत. एखादा लॅप सुटला की अख्खा क्रम फिरे. जून 1959 मध्ये अटलांटाच्या लेकवूड ट्रॅकवर विजेत्याचा झेंडा रिचर्ड पेटीला मिळाला. वडील ली पेटी यांनी हरकत घेतली, फेरमोजणी झाली आणि विजय त्यांच्या नावावर गेला. (घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या रात्री काय झालं असेल, ते नोंदीत नाही.) त्याच वर्षी पहिल्या डेटोना 500 शर्यतीचा निकाल तिसऱ्या दिवशी लागला. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर थांबू नका. पुढच्या आठवडाभराचे अंक चाळा.

निकाल तपासणीतही फिरतो. 19 जून 1949 ला शार्लटला ग्लेन डनवे पहिला आला, पण गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला. चोरट्या दारूच्या ओझ्याखाली गाडी बसू नये म्हणून केलेला हा बदल वळणावरही उपयोगी पडत असे. विजय जिम रोपरला गेला. मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलंड यांच्या नोंदीतही हीच ओळ 'बाद' म्हणून यायला हवी.

हंगाम म्हणजे कॅलेंडरचं वर्ष नव्हे. वेंडेल स्कॉटने जॅक्सनव्हिलची शर्यत 1 डिसेंबर 1963 ला जिंकली. ती 1964 च्या हंगामात मोजतात. त्या दिवशीही आधी बक बेकरलाच विजेता ठरवलं होतं.

मालिकेचं नाव त्या वर्षीचंच लिहा: 1949 ला स्ट्रिक्टली स्टॉक, 1950 पासून ग्रँड नॅशनल. मॉडिफाइड (मुद्दाम फेरफार केलेल्या) गाड्यांच्या शर्यती वेगळ्या पानावर घ्या. नॅसकारबाहेरच्या शर्यतींनाही वेगळं पान द्या, कारण तिथे धावल्यामुळे 1950 मध्ये बायरन आणि ली पेटी यांचे गुण कापले गेले. गुणतक्त्यात अचानक खड्डा दिसला तर आधी हे पान उघडा.

बक्षिसाची रक्कम म्हणजे चालकाची कमाई नाही. मालक वेगळा असेल तर ती वाटली जाई. स्वतःच मालक असेल तर टायर, इंजिन, वाहतूक त्यातूनच. वाटणीचा लेखी पुरावा नसेल तर तो रकाना कोरा ठेवा.