ब्रिटनमध्ये गाडी बदलून जाताना: ॲडव्हान्स तिकीट नीट समजून घ्या

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या माणसाला लांबच्या प्रवासाचं तिकीट काढताना तीन नावं दिसतात: एनीटाइम (कोणत्याही वेळेच्या गाडीला चालणारं), ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणारं) आणि ॲडव्हान्स. ॲडव्हान्स बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त, म्हणून बोट तिथेच जातं. पण इथे ‘ॲडव्हान्स’ म्हणजे आपल्याकडचं आगाऊ आरक्षण नव्हे, हा तिकिटाचाच एक वेगळा प्रकार आहे. बऱ्याच कंपन्या तो गाडीच्या दिवशीसुद्धा विकतात. त्याची ओळख एवढीच: ठरलेली गाडी, ठरलेला दिवस, एकाच बाजूचा प्रवास. वाटेत गाडी बदलायची असेल, तर हे ‘ठरलेलं’ म्हणजे नक्की काय, ते पैसे भरण्याआधी कळायला हवं.

तिकीट हातात आलं की आधी त्यावरचा मजकूर वाचा. ‘बुक्ड ट्रेन ओन्ली’ असं असेल तर त्याच गाडीने जायचं. कंपनीच्या नावापुढे ‘अँड कनेक्शन्स’ असेल तर त्या कंपनीची ठरलेली गाडी, आणि तिला जोडणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या. कोणत्या जोडगाड्या, ते तिकिटावर मावत नाही. ते ईमेलवर आलेल्या प्रवासपत्रकात असतं, त्याला इथे आयटिनररी म्हणतात. तिकिटाइतकंच ते पत्रक महत्त्वाचं आहे. अनेक जण ते वाचतही नाहीत आणि पुढे गाडी चुकल्यावर दाखवायला त्यांच्याकडे काही नसतं. फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. छोट्या लोकल गाडीला आसन क्रमांक नसतो, तरी पत्रकात दिलेलीच गाडी धरायची. आधीची मिळतेय म्हणून तिच्यात चढू नका.

आता मुख्य नियम. पहिली गाडी पकडणं ही तुमची जबाबदारी. बस उशिरा आली, टॅक्सी अडकली, विमान लेट झालं, कारण काहीही असो, पहिली गाडी चुकली की ॲडव्हान्स तिकीट संपलं आणि नवीन काढायचं. पण एकदा पहिल्या गाडीत वेळेवर बसलात आणि रेल्वेच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकली, तर तिथून पुढे तुम्हाला मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. पुढच्या उपलब्ध गाडीने त्याच तिकिटावर जाता येतं, जादा पैसे नाहीत. नवीन तिकीट काढण्याच्या रांगेत उभे राहू नका. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडता येतात, पण पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात, पुढच्या गाडीत जागा नाही. इथला हक्क त्याहून मोठा आहे.

हा हक्क टिकतो कशावर? दोन गाड्यांमधल्या किमान वेळेवर. प्रत्येक स्टेशनला गाडी बदलण्यासाठी ठरावीक मिनिटं नेमलेली आहेत. साध्या स्टेशनवर ५ मिनिटं, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला १२, लंडनच्या यूस्टनसारख्या मोठ्या स्टेशनांवर १५. एकाच तिकिटावर सबंध प्रवास काढला की प्रणाली हा वेळ आपोआप धरते. दोन वेगळी तिकिटं स्वतः जुळवलीत आणि न्यू स्ट्रीटला मध्ये ८ मिनिटंच ठेवलीत, तर गाडी चुकल्यावर कुणी ऐकणार नाही.

एक उदाहरण मिनिटांत मांडतो. समजा लेस्टरहून कार्डिफला जायचंय, न्यू स्ट्रीटला बदल. पहिली गाडी ११:१५ ला पोचणार, दुसरी ११:३० ला सुटणार. नियमाला १२ मिनिटं लागतात, तुमच्याकडे १५ आहेत, म्हणजे बुकिंग बरोबर. पहिली गाडी १४ मिनिटं लेट होऊन ११:२९ ला आली. दुसरी डोळ्यांसमोर उभी असली तरी मिळणार नाही, कारण इथे गाडी सुटण्याच्या वेळेआधी अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत दारं बंद होतात, आणि एकदा बंद झाली की उघडत नाहीत. धावती गाडी धरण्याची सवय इथे उपयोगाची नाही. पुढची गाडी १२:३० ला. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला पत्रक दाखवा. कागदी तिकीट असेल तर त्यावर शेरा मारून घ्या. मग पुढच्या गाडीत बसा. मूळ आसन क्रमांक आता चालत नाही, रिकामी जागा बघून बसायचं. न्यू स्ट्रीटचे फलाट ‘ए’ आणि ‘बी’ अशा टोकांत विभागलेले आहेत. ‘७बी’ लिहिलेलं असताना ‘७ए’च्या टोकाला उभं राहिलात तर समोरून गाडी निघून जाते, आणि ती चूक मात्र तुमची धरली जाईल.

या उदाहरणात तुम्ही कार्डिफला एक तास उशिरा पोचलात. त्याची भरपाई मिळते, तिचं नाव डिले रिपे. मोजमाप पहिल्या गाडीच्या १४ मिनिटांचं नसतं, शेवटच्या मुक्कामाला किती उशीर झाला त्याचं असतं. बहुतेक कंपन्यांकडे १५ मिनिटांना तिकिटाच्या २५ टक्के, ३० मिनिटांना ५० टक्के, ६० मिनिटांना एकेरी तिकिटाचे पूर्ण पैसे. काही कंपन्या ३० मिनिटांपासूनच सुरुवात करतात. ज्या कंपनीच्या गाडीमुळे उशीर सुरू झाला तिच्या संकेतस्थळावर २८ दिवसांच्या आत अर्ज करायचा, तिकिटाचा फोटो जोडायचा. आपली माणसं हा अर्ज ‘कशाला कटकट’ म्हणून सोडून देतात. करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसे हक्काचे आहेत.

रात्रीची शेवटची गाडी रेल्वेमुळे चुकली तर घाबरू नका. शक्य असेल तिथे दुसरं वाहन किंवा गरज पडली तर राहण्याची सोय करणं हे रेल्वे कंपन्यांच्या प्रवासशर्तींतच लिहिलेलं आहे. कर्मचारी नसेल तर फलाटावरच्या हेल्प पॉइंटचं बटण दाबून बोला. आधी बोला, मगच टॅक्सी करा. स्वतःहून केलेल्या टॅक्सीचे पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

तुकड्यांच्या तिकिटांबद्दल गैरसमज फार. लेस्टर ते बर्मिंगहॅम एक आणि बर्मिंगहॅम ते कार्डिफ दुसरं, अशी दोन तिकिटं कधी कधी एका सलग तिकिटाहून स्वस्त पडतात. ती पूर्ण कायदेशीर आहेत. अट अशी की जिथे एक तिकीट संपून दुसरं सुरू होतं त्या स्टेशनवर तुमची गाडी थांबली पाहिजे. गाडी तीच असेल तर खाली उतरायची गरज नाही. मध्ये नियमाचा किमान वेळ सोडला असेल, तर दोन्ही मिळून एकच प्रवास धरला जातो, चुकलेल्या गाडीचं संरक्षण मिळतं, आणि डिले रिपेचा अर्जही सगळ्या तिकिटांच्या एकूण रकमेचा करायचा. मात्र मध्ये मित्राकडे जेवून दुपारी पुढे निघालात तर ते दोन वेगळे प्रवास झाले. मध्ये कोच (म्हणजे इथली लांब पल्ल्याची बस) किंवा विमान आलं तरी साखळी तुटते.

वाटेत उतरणं हा दुसरा सापळा. भारतात ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर प्रवास खंडित करता येतो, बोर्डिंग पॉइंट बदलता येतो, आधीच्या स्टेशनवर उतरलं तरी कुणी हटकत नाही. इथे ॲडव्हान्स तिकिटावर यातलं काहीही चालत नाही. मधल्या स्टेशनवर चढायचं नाही, मध्येच उतरून बाहेर पडायचं नाही, फक्त गाडी बदलण्यापुरतं उतरायचं. अडवलं तर नवीन तिकीट किंवा दंड भरावा लागतो. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून पेनल्टी फेअर म्हणजे १०० पौंड अधिक एकेरी भाडं, २१ दिवसांत भरल्यास १०० चे ५०. वाटेत थांबायचंच असेल तर ऑफ-पीक बघा, त्यावर बहुधा परवानगी असते.

लंडन ओलांडून जायचं असेल, म्हणजे उदाहरणार्थ यॉर्कहून किंग्ज क्रॉस आणि तिथून वॉटर्लूमार्गे साउदॅम्प्टन, तर तिकिटावर छोटी फुलीसारखी खूण आहे का ते पाहा. ती असेल तर दोन स्टेशनांमधला ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा, एक प्रवास तिकिटातच धरलेला आहे, कार्ड टॅप करू नका, नाहीतर वेगळे पैसे कापले जातील. ट्यूबचं फाटक फोनवरचा बारकोड वाचत नाही, म्हणून अशा प्रवासाला कागदी तिकीट घ्या. आठ अक्षर-अंकी संकेतांक टाकून स्टेशनच्या यंत्रातून ते निघतं. जोडीची सगळी तिकिटं बाहेर येईपर्यंत यंत्रासमोरून हलू नका.

नवीन येणाऱ्यांची सगळ्यांत महागडी चूक विमानतळाची. मुंबईहून निघण्याआधीच हीथ्रोवर उतरण्याच्या वेळेपासून दोन-अडीच तासांनंतरचं सेंट पँक्रस ते लेस्टर ॲडव्हान्स तिकीट काढून ठेवतात. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, मग ट्यूबच्या पिकॅडिली लाइनने किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसपर्यंत साधारण एक तास. विमान थोडंही लेट झालं की गाडी गेली, आणि ती पहिली गाडी असल्यामुळे रेल्वेचा संबंध नाही. पहिल्या दिवसासाठी ऑफ-पीक घ्या, किंवा बॅगा हातात आल्यावर फोनवर त्या दिवशीचं ॲडव्हान्स मिळतंय का बघा. २३ किलोच्या दोन बॅगा असतील तर गाडी बदलण्याची नियमातली १२ मिनिटं पुरत नाहीत, लिफ्टलाच रांग असते. तिकीट शोधताना गाडी बदलायला जादा वेळ मागण्याचा पर्याय बऱ्याच संकेतस्थळांवर असतो, तिथे अर्धा तास टाका.

बाकी व्यवहाराचं. कुठल्याही रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांची तिकिटं मिळतात आणि बुकिंग शुल्क लागत नाही, त्यामुळे शुल्क घेणाऱ्या ॲपची गरज नाही. ॲडव्हान्स साधारण १२ आठवडे आधी खुलं होतं. रविवारी बऱ्याचदा रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस असते, तेव्हा त्या दिवसाचं तिकीट काढण्याआधी वेळापत्रक पक्कं झालंय का ते पाहा. २५ डिसेंबरला गाड्या जवळजवळ नसतातच. बेत बदलला तर पैसे परत नाहीत, पण पहिली गाडी सुटण्याआधी दिवस किंवा वेळ बदलता येते, प्रत्येक तिकिटामागे १० पौंडांपर्यंत शुल्क आणि भाड्यातला फरक भरून. गाडीच रद्द झाली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर पूर्ण पैसे मिळतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, त्याहून लहानांना तिकीट नाही. १६ ते २५ वयाच्या विद्यार्थ्याने रेलकार्ड काढलं तर ॲडव्हान्सवरही एक-तृतीयांश सूट मिळते. कार्ड फोनमध्ये घेतलं असेल आणि फोनची बॅटरी संपली तर सूट ग्राह्य धरत नाहीत, म्हणून लांबच्या प्रवासाला पॉवर बँक सोबत ठेवा.