डायरीवर प्लॉट घेण्याआधी

परवा शेजारचा मुलगा पेढे घेऊन आला. "काकू, सुपर कॉरिडॉरच्या पुढे प्लॉट घेतला." म्हटलं, रजिस्ट्री दाखव. त्याने पाकिटातून चिठ्ठी काढली. प्लॉट नंबर, हजार फूट, भाव आणि खाली कुणाची तरी सही. परवानगीआधीच प्लॉट विकणाऱ्या अशा कच्च्या चिठ्ठीला आमच्या इंदुरात 'डायरी' म्हणतात. पेढा खाल्ला, पण बँकेत २६ वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर काढलेली मी, गप्प थोडीच बसणार!

आधी कागद घ्या आणि डायरीचं व्याज काढा. समजा डायरीचा भाव फुटाला १,८०० आणि जवळच्याच मंजूर कॉलनीत २,४००. म्हणजे १८ लाख आणि २४ लाख. मधल्या ६ लाखांना दलाल 'फायदा' म्हणतो. खरं तर बिनपरवानगीच्या जमिनीवर कॉलोनायझरला, म्हणजे कॉलनी पाडून प्लॉट विकणाऱ्याला, बँक उभी करत नाही, म्हणून तो तुमच्याकडून उचलतो, आणि हे त्या उचलीचं व्याज. तीन वर्षांत परवानगी आली तर वर्षाला १० टक्के पडले. सहा वर्षं लागली तर ५ टक्केही नाहीत. त्यापेक्षा एफडी बरी. आलीच नाही तर मुद्दलही गेलं.

जमीन काही कमी नाही हो. सांवेरच्या रस्त्याला लागा, नजर पोचेल तिथवर सोयाबीन. कमी आहे ती मंजूर जमीन. शहराचा मास्टर प्लॅन २०२१ पर्यंतचा, आणि ते साल उलटलं तरी पुढचा आला नव्हता. प्लॅनमध्ये शेती दाखवलेल्या जागेवर कॉलनीचा नकाशा पास होत नाही. मग ज्याच्याकडे पास नकाशा आहे तो मागेल तो भाव, आणि बाकीच्यांकडे डायरी.

हे आजचं नाही. १९७६ च्या सीलिंग कायद्याने शहरातली जास्तीची मोकळी जमीन सरकार घेणार होतं; गृहनिर्माण संस्थांच्या नावाने सूट मिळे. आमच्या ह्यांनी अशाच एका संस्थेत पैसे भरले. वरीयता (ज्येष्ठता) यादीत नाव होतं, प्लॉट मात्र यादीबाहेरच्यांना गेले. मध्य प्रदेशात तो कायदा २००० मध्ये गेला. पावती अजून कपाटात आहे.

तर आता तपासायचं काय? रेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मागा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठांहून जास्त असतील, तर नोंदणीआधी बुकिंग घेणंच बेकायदा आहे. "नंबर येतोय" म्हणजे नाही. नंबर मिळाला की मध्य प्रदेश रेराच्या साइटवर तो स्वतः टाकून बघा, दलालाच्या मोबाइलवर नको. खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) घेऊन भूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर मालक कोण आणि जमीन कुठे गहाण आहे का, हेही बघून घ्या.

यानंतरचं काम बहुतेक जण विसरतात. टीएनसीपीने, म्हणजे सरकारच्या नगररचना खात्याने, पास केलेला नकाशा घेऊन त्यात आपला प्लॉट शोधा, आणि तो 'बंधक' तर नाही ना ते विचारा. रस्ते, ड्रेनेज, वीज पूर्ण होईपर्यंत कॉलोनायझरला काही प्लॉट जामीन म्हणून गहाण ठेवावे लागतात. ते सुटेपर्यंत रजिस्ट्री अडते. माझ्या टेबलावर अशा फायली यायच्या. माणसं हप्त्याचा हिशोब करून आलेली असायची आणि प्लॉट बंधक निघायचा.

पैसे चेकनेच द्या. रजिस्टर्ड करार होण्याआधी १० टक्क्यांवर एक रुपया नको, रेराच तसं म्हणतो. आणि कर्ज लागो न लागो, एकदा बँकेत फाइल नेऊन विचारा. बँक ज्या प्लॉटवर पैसे देत नाही, त्यावर आपण का द्यावेत?

शेजारच्या त्या मुलाने दोन लाख दिलेत, तेही रोख. सोमवारी परत मागायला जाणार आहे. म्हटलं, एकटा जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा, आणि पैसे हातात पडेपर्यंत ती चिठ्ठी सोडू नकोस.