जुना टेट्रिस आणि गेमबॉय: विकण्याआधी या चुका टाळा

माळ्यावरच्या पेटीत करडा गेमबॉय, म्हणजे निन्टेंडो कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, सापडतो, मागे टेट्रिस या ठोकळे रचायच्या खेळाची कॅसेट लावलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत घरात ठरतं की याचे लाखभर तरी येतील. दर उन्हाळ्यात मला नागपुरातूनच असे दोन-चार फोन येतात.

आधी वस्तू नीट ओळखा. आपल्याकडे नव्वदीत ‘९९९९ इन वन’ लिहिलेले ब्रिक गेम घरोघरी होते, आणि बरेच जण त्यालाच गेमबॉय म्हणतात. मागे कॅसेट घालायची खाच नसेल तर तो गेमबॉय नव्हे. आठवण म्हणून जपा, पण मोठ्या किमतीची आशा धरू नका.

खरा गेमबॉय असला तरी टेट्रिस दुर्मीळ नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत तो यंत्रासोबतच मिळायचा आणि जगभरात साडेतीन कोटींच्या आसपास कॅसेट खपल्या. त्यामुळे सुट्या कॅसेटला फारसं मोल नाही. मोल आहे खोक्याला, पुस्तिकेला, आतल्या ट्रेला, म्हणजे नेमकं जे आपण रद्दीत देतो त्याला. अपवाद जपानी कॅसेटच्या अगदी पहिल्या आवृत्तीचा. तिच्यात ‘ए’ संगीत निवडलं की ओळखीची रशियन लोकधून वाजत नाही, वेगळीच मिन्युएट, म्हणजे जुन्या युरोपीय नाचाची धून, वाजते. ती हाती लागली तर घाई करू नका.

भाव बघताना लोक ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर मागितलेली किंमत बघतात. ती कुणीही कितीही लिहू शकतो. विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा.

आता बिघाड. सुरू केल्यावर निन्टेंडोच्या नावाऐवजी काळा पट्टा खाली सरकत आला, तर यंत्र मेलेलं नाही. बहुतेक वेळा कॅसेटचे सोनेरी दात मळलेले असतात. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने ते गंजतात. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील तर पडद्याला जोडणाऱ्या खालच्या पट्टीचा जोड सुटलाय. जाणकार हाताने नेमकी उष्णता दिली की तो बसतो. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने माझ्या गेमबॉयला सरळ नवा उजळ पडदा बसवला आणि मूळचा हिरवट पडदा फेकून दिला. खेळायला छान झाला, पण संग्राहकाच्या नजरेत तो मूळ राहिला नाही. ते दुःख अजून आहे. काहीही बदललं तरी जुना भाग मागून घ्या.

अमेरिकेतून आलेला अॅडॉप्टर आपल्या प्लगात लावू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात. चार पेन्सिल सेल घाला आणि काम झालं की काढा. आत विसरलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंग हिरव्या होतात. पांढऱ्या व्हिनेगरने हलक्या हाताने पुसलं तर पुष्कळदा वाचतात.

नागपूरकरांनी जपायचं ते मुख्यतः ऊन आणि कूलर यांच्यापासून. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा दिवसांत पत्र्याखालच्या माळ्यावर पडद्याचा पोलरायझर (प्रकाश गाळणारा पातळ थर) करपतो आणि काळा डाग उमटतो. म्हणून लोक गेमबॉय खाली आणून कूलरच्या खोलीत ठेवतात. तेही वाईट. त्या ओल्या हवेने लेबलच्या कडा उचलतात, खोक्याला बुरशी धरते. आतल्या कोरड्या खोलीत, स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या पावसाळ्यात दोनदा बदला.

विकत घेणाऱ्यांसाठी एक खूण: अस्सल कॅसेटच्या लेबलवर बारीक दाबलेले आकडे असतात, तिरपं धरलं की दिसतात. उघडून बघायची असेल तर ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. साधा स्क्रू-ड्रायव्हर घुसवून खोबण बिघडवू नका, पुढचा गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच बघतो.