बंदिस्त नेटवर्कमधला पोस्टग्रेस जोडताना या चुका टाळा

पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यावर चालणारे अ‍ॅप्लिकेशन डॉकरच्या (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणारे साधन) वेगळ्या नेटवर्कमध्ये बंदिस्त ठेवले आणि कनेक्शन होईना, की अनेक जण आधी फायरवॉल बंद करून पाहतात. असे कधीही करू नये, कारण त्यामुळे बिघाड बहुधा सापडत नाही आणि ज्या बंदोबस्तासाठी एवढा खटाटोप केला तोच हातचा जातो.

त्याऐवजी एरर शब्दशः वाचावी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा की पत्ता सापडला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइम्ड आउट’ आले तर पॅकेट वाटेतच गडप होत आहे, म्हणून रूटिंग आणि फायरवॉलचे नियम तपासावेत. ‘पीजी एचबीए’ फाइलमध्ये (कोणाला कुठून जोडू द्यायचे हे ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल) नोंद नाही अशी तक्रार आली, तर ती खुद्द सर्व्हरने केलेली असते. म्हणजे नेटवर्क ठीक आहे आणि दुरुस्ती त्या फाइलमध्ये करायची आहे. तिथे बदल केल्यावर रीलोड पुरते, तर सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर ऐकावे हे बदलल्यास रीस्टार्ट करावाच लागतो.

‘रिफ्यूज्ड’मागे माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच यंत्र’ असा पत्ता, निघाला आहे. समजा, कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे हे सांगणारी डॉकरची फाइल) पोर्टसाठी ‘5433:5432’ असे लिहिले आहे. लॅपटॉपवरून लोकलहोस्ट आणि 5433 वापरून डेटाबेस व्यवस्थित उघडतो, म्हणून तीच जोडी अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये उतरवली जाते आणि तिथे गाडी अडते. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, आणि डावीकडचा 5433 हा फक्त यजमान यंत्रासाठी असतो. कंटेनरमधून सर्व्हिसचे नाव, उदाहरणार्थ ‘डीबी’, आणि पोर्ट 5432 हेच द्यावे. डॉकरच्या मूळच्या ‘ब्रिज’ नेटवर्कवर मात्र कंटेनरची नावे ओळखली जात नाहीत. त्यासाठी स्वतः तयार केलेले नेटवर्क लागते.

पिंगवर, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का एवढेच पाहणाऱ्या चाचणीवर, विसंबू नये. पिंग लागला तरी 5432 बंद असू शकतो, आणि पिंग अडवलेला असतानाही डेटाबेस सुरळीत चालू असू शकतो. त्याऐवजी ‘पीजी-इझरेडी’ ही पोस्टग्रेस जोडणी घ्यायला तयार आहे का ते सांगणारी आज्ञा अ‍ॅप्लिकेशनच्याच नेटवर्कमधून चालवून पाहावी.

पहिल्या काही सेकंदांतच अपयश येत असेल, तर कंपोज फाइलमधले ‘डिपेंड्स-ऑन’ (कोणती सर्व्हिस कोणावर अवलंबून आहे ते सांगणारी नोंद) पाहावे. ते नुसते लिहिले तर डॉकर फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट पाहते, डेटाबेस तयार होण्याची नाही. त्यासाठी हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का याची तपासणी) जोडून ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट घालावी लागते.