ध्यान करणाऱ्या माणसासाठी भेट निवडताना

ध्यानाला बसणाऱ्या माणसासाठी भेट घ्यायची झाली, तर आधी त्याच्या साधनेची चौकशी करावी आणि मग बाजाराची वाट धरावी. आपल्या सातारा-सांगली भागातच पाहिले, तर गोंदवल्याच्या परंपरेतील नामस्मरण करणारी आजी, इगतपुरीला विपश्यनेचे शिबिर करून आलेले शिक्षक, प्राणायामानंतर थोडा वेळ डोळे मिटून बसणारी गृहिणी आणि पहाटे तंबोऱ्यावर षड्ज लावून त्यातच स्थिर होणारा गाणारा माणूस, हे सगळे ध्यान करतात असेच आपण म्हणतो. मात्र त्यांच्यापैकी एकाला उपयोगी पडणारी वस्तू दुसऱ्याला अडचणीची ठरू शकते. नामधारकाच्या हातात जपमाळ रोज फिरते. विपश्यनेच्या शिबिरात मात्र माळ, ताईत किंवा स्फटिक आणायला मनाई असते, कारण तिथे मंत्राचा आधार न घेता श्वास आणि शरीरावरच्या संवेदना पाहायच्या असतात.

ही चौकशी गुप्तपणे करण्याची गरज नाही. ‘काका, हल्ली किती वाजता बसता? गुडघ्यांना त्रास होत नाही ना?’ एवढे आपुलकीने विचारले, तरी बहुतेक माणसे मोकळेपणाने सांगतात. कुठे बसतात, किती वेळ बसतात आणि बसल्यावर कशाचा त्रास होतो, या तीन गोष्टी कळल्या की निवड जवळजवळ झालेलीच असते. माझ्या मते उत्तम भेट तीच, जी साधकाच्या वाटेतला एखादा त्रास कमी करते. खोलीची शोभा वाढवणाऱ्या वस्तू त्यानंतर येतात, आणि बहुतेक वेळा त्या आल्या नाहीत तरी चालते.

सर्वाधिक त्रास बैठकीचा असतो, म्हणून आसनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नसावे आणि फार सखलही नसावे असे सांगून दर्भ, अजिन म्हणजे कातडे, आणि वस्त्र यांचा उल्लेख आला आहे. दर्भ सर्वांत खाली आणि मऊ वस्त्र सर्वांत वर, असा त्याचा क्रम लावला जातो. यातील मृगाजिन आज कोणालाही भेट देऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हरणाच्या कातड्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, आणि एखाद्या विक्रेत्याने ‘जुने आहे’ असे सांगितल्याने तो गुन्हा टळत नाही. त्या जागी आपल्याकडे घोंगडे आहे, आणि ते इथल्याच माळरानावरचे आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत धनगरांनी राखलेल्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीपासून सनगर विणकर ते हातमागावर विणतात. सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळे नवे घोंगडे हाताला ताठ लागते, त्याला लोकरीचा आणि खळीचा मिसळलेला उग्र वास असतो, आणि उघड्या पोटऱ्यांना ते टोचते. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते भेट देण्याजोगे वाटत नाही. परंतु चार दिवस उन्हात टाकले, चौघडी करून वर धुतलेले सुती वस्त्र अंथरले, की डिसेंबरातल्या शहाबादी फरशीचा गारठा बसणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि वापरता वापरता ते मऊ होत जाते. घोंगडे घेताना ते उजेडासमोर धरून वीण पाहावी, काठ ओढून पाहावेत आणि रंग लोकरीचाच आहे ना, हे विणकराला विचारावे. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला एका पुरचुंडीत बांधून द्यावा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर त्यांचा वास बैठकीत नाकाशी येत राहतो.

केवळ घोंगड्याने भागत नाही, कारण मांडी घातल्यावर ज्यांचे गुडघे वर राहतात त्यांची कंबर थोड्याच वेळात मागे झुकते आणि पाठ दुखू लागते. अशा माणसाला नितंबांखाली उशी लागते, आणि तिची उंची प्रत्येकाची वेगळी असते. ती ठरवण्याची रीत सोपी आहे: घडी केलेली चादर खाली ठेवून त्या व्यक्तीला मांडी घालून बसवावे, दोन्ही गुडघे जमिनीला टेकेपर्यंत घड्या वाढवाव्यात आणि त्या थराची उंची पट्टीने मोजावी. हे माप घेऊन जवळच्या गादी कारखान्यात जावे आणि कापूस पिंजून, ठासून भरायला सांगावे. कापूस महिन्याभरात दबतो, म्हणून मापापेक्षा उशी दोन बोटे उंच करून घ्यावी. सावरीचा कापूस डोक्याखाली सुखद असला, तरी बसण्यासाठी फार मऊ पडतो. फोमची उशी वजनाखाली डुलते आणि शरीर स्थिर राहू देत नाही. खोळ जाड सुती कापडाची, काढून धुता येईल अशी आणि एकरंगी असावी. ज्यांना मांडीच घालता येत नाही, त्यांना आसन देऊन त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची आठवण करून देण्यात अर्थ नाही. अशा ज्येष्ठांना सरळ पाठीची, बिनहातांची खुर्ची आणि पाय टेकवायला एक लाकडी पाट द्यावा. पाय अधांतरी राहिले नाहीत, की खुर्चीवरची बैठकही पुष्कळ वेळ टिकते.

जप करणाऱ्यांसाठी माळ घ्यायची असेल, तर ती १०८ मण्यांची आणि वेगळा मेरुमणी असलेली असावी. मेरू ओलांडायचा नसतो, तेथून माळ उलट फिरवायची असते, म्हणून तो बोटाला न बघता कळला पाहिजे. तुळस, रुद्राक्ष की स्फटिक, हे मात्र आपण ठरवू नये. ते त्या व्यक्तीच्या गुरुपरंपरेवर अवलंबून असते, आणि अनेकांची माळ अनुग्रहाच्या वेळी मिळालेली असल्याने ती बदलण्याचा विचारही त्यांना रुचत नाही. अशा वेळी गोमुखी, म्हणजे आत हात घालून माळ फिरवायची कापडी पिशवी, द्यावी. शिंप्याकडून साध्या खादीची शिवून घेतली, आतले शिवणीचे काठ दाबून घेतले आणि हात सहज फिरेल इतकी ती सैल ठेवली, तर माणूस ती वर्षानुवर्षे वापरतो. श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र लिहून काढणारे कितीतरी लोक आहेत. त्यांना जाड कागदाच्या रेघी वह्या आणि न पाझरणारे पेन यांसारखी नेमकी भेट दुसरी नाही.

गाण्यातून ध्यानाकडे गेलेल्यांसाठी मिरज जवळ आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही तंबोरा अचानक भेट म्हणून आणू नये. स्त्री आणि पुरुष गायकांच्या तंबोऱ्यांचा आकार आणि स्वर वेगळा असतो, जवारी, म्हणजे तारेच्या नादातला गुंजारव, कशी हवी याबद्दल प्रत्येकाचा कान वेगळा सांगतो, म्हणून त्या व्यक्तीलाच सतारमेकर गल्लीत घेऊन जावे आणि निवड तिच्यावर सोपवावी. घरी जुना तंबोरा धूळ खात असेल, तर त्याच्या तारा बदलून आणि जवारी काढून देणे ही नव्या वाद्याइतकीच मोलाची भेट आहे.

वेळ पाहण्यासाठी पुष्कळ जण मोबाईल जवळ ठेवतात आणि त्यातच अडकतात. टिकटिक न करणारे, सौम्य गजराचे छोटे घड्याळ हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. उदबत्ती आणि धूप विचारल्याशिवाय देऊ नयेत. बंद खोलीत दीर्घ श्वास घेणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो, आणि दम्याच्या रुग्णाला तर तो सोसतच नाही. बुद्धमूर्ती ही सर्रास दिली जाणारी भेट आहे, पण बौद्ध कुटुंबात ती वंदनेची असते. कोपऱ्यातली शोभा म्हणून ती देताना घेणाऱ्याच्या आणि इतरांच्या श्रद्धेचा विचार आधी करावा.

ध्यानाचे वेड खरोखर लागलेल्या माणसाला सर्वांत जास्त हवा असतो तो मोकळा वेळ, आणि तो घरची माणसेच देऊ शकतात. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी आदला दिवस आणि परतीचा दिवस धरून बारा दिवस घर सोडावे लागते. तिथे फोन जमा करावा लागतो, वाचन-लेखन बंद असते, त्यामुळे पुस्तक किंवा डायरी देऊन उपयोग नाही. सैल सुती कपडे, अंगावर घ्यायला शाल आणि छोटी बॅटरी द्यावी. शिबिराचे शुल्क नसते आणि दान केवळ एक तरी शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतले जाते, म्हणून ‘तुमच्या नावाने पैसे भरतो’ हा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. त्याऐवजी, ‘वहिनी, तुम्ही निर्धास्त जा, मुलांचे डबे आणि आईंची औषधे माझ्याकडे’, असे तारखांसह सांगावे. मी तर या भेटीला सगळ्या वस्तूंच्या वर ठेवीन, कारण कितीतरी स्त्रियांची साधना स्वयंपाकघराच्या वेळापत्रकात अडकलेली असते. ज्येष्ठ नामधारकांसाठी गाडी करून गोंदवल्याला दोन दिवस नेऊन आणणे हाही याच जातीचा आनंद आहे. साताऱ्याहून ते अंतर साठ-सत्तर किलोमीटरचे आहे. मात्र मार्गशीर्ष वद्य दशमीच्या पुण्यतिथी उत्सवात गर्दी फार असते, तेव्हा शांत बसायचे असेल तर दुसरे दिवस निवडावेत.

भेट देताना दुकानाची पावती सोबत ठेवावी, म्हणजे माप चुकल्यास बदलता येईल. आणि एकदा दिल्यावर, ‘वापरता ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारू नये, कारण त्या प्रश्नाने बसणाऱ्यावर उगाच एक जबाबदारी येऊन पडते.