कामगारांचा उत्साह टिकवण्यासाठी: बेळगाव भागातील लघुउद्योजकांना काही सूचना

उद्यमबाग, मच्छे आणि आसपासच्या फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने), मशिन शॉप व जॉबवर्कच्या अनेक कारखान्यांत मनुष्यबळासाठी स्वतंत्र विभाग नसतो. हजेरी, पगार, उचल, रजा आणि दिवाळीची भेट हे सारे मालक, एखादा लेखनिक आणि सुपरवायझर मिळून पाहतात. त्यामुळे सांघिक उपक्रम, बक्षिसे आणि स्नेहसंमेलन यांची आखणी बहुधा शेवटच्या आठवड्यात होते. त्या घाईत रात्रपाळीचा कामगार, कंत्राटदाराकडून आलेला मजूर आणि फळ्यावरची सूचना ज्याच्या भाषेत नाही असा माणूस हे हमखास सुटतात. बक्षीस लहान असले तरी चालते, पण त्याचा नियम सर्वांना आधी ठाऊक असावा आणि त्यातून कोणालाही परस्पर वगळलेले नसावे, या एका कसोटीवर पुढील सूचना आधारलेल्या आहेत.

कायद्याने जे देणे लागते ते वेळेवर आणि पूर्ण देणे ही पहिली पायरी आहे. ज्या आस्थापनांना बोनसचा कायदा लागू आहे, त्यांना पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस द्यावा लागतो. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपत असेल, तर बोनस देण्याची आठ महिन्यांची मुदत नोव्हेंबरअखेर पुरी होते, मात्र कामगाराची अपेक्षा दिवाळीपूर्वीची असते आणि ती रास्त आहे. हा बोनस मालकाच्या खुशीचा भाग असल्यासारखा, हारतुरे घेऊन, कार्यक्रमात वाटू नये. तो कामगाराचा हक्क आहे. तीच गोष्ट ओव्हरटाइमच्या दुप्पट दराची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग भागातील अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असे मांडले होते की, पगार, देखरेख आणि कामाची परिस्थिती यांतील उणिवांमुळे माणूस नाराज होतो, परंतु त्या दूर केल्याने केवळ त्याची नाराजी जाते; कामाची ओढ निर्माण होते ती यश, मान्यता आणि जबाबदारी यांतून. त्यांचे निष्कर्ष सरसकट सर्व कामांना लागू पडतात का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. तरीही ज्या कारखान्यात पंखा बंद आहे, पिण्याचे पाणी कोमट आहे आणि पगाराची तारीख दर महिन्याला पुढे सरकते, तिथे सहलीवर खर्च करण्याआधी या तीन गोष्टी दुरुस्त कराव्यात, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते.

बक्षीस कशाला द्यावे

बक्षिसाची योजना आखताना सर्वाधिक विचार मोजमापाचा करावा लागतो, कारण आपण जे मोजतो तेच कामगार वाढवतात. फौंड्रीत महिन्याच्या टनांवर बक्षीस लावले की मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामात, घाई होते, वाळूची ठासणी कमी पडते आणि ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) असलेली किंवा वाळू अडकलेली कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वाढू लागतात. त्यातली बरीचशी आपल्या दारात दिसतही नाहीत, तर ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावर परत येतात. म्हणून ओतलेला माल न मोजता स्वीकारला गेलेला माल मोजावा, आणि बक्षिसाचा हिशेब ग्राहकाकडील रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, आकडा हाती आल्यावरच, म्हणजे महिना दीड महिना उशिराने, पूर्ण करावा. हा उशीर का होतो हे आरंभीच समजावून सांगितले तर कामगार तो मान्य करतात. न सांगितल्यास मालक टाळाटाळ करतो असा समज पसरतो.

असे बक्षीस एका व्यक्तीला देऊ नये. एक कास्टिंग कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), मोल्डिंग, भट्टी, ओतकाम आणि फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) अशा अनेक हातांतून जाते. त्यातल्या एका मोल्डरचा सत्कार केला तर कोअर बनवणारा, भट्टीजवळ तापलेल्या हवेत उभा राहणारा आणि ग्राइंडरची धूळ सोसणारा असे सगळेच दुखावतात, आणि त्यांचे दुखावणे योग्यच असते. पाळीनुसार किंवा मालाच्या प्रकारानुसार गट करावेत, रक्कम गटाला मिळावी आणि ती समान वाटली जावी. त्याच गटात काम करणाऱ्या कंत्राटी कामगारालाही तेवढाच वाटा द्यावा. सीएनसी किंवा व्हीएमसी या संगणक-नियंत्रित यंत्रांवर एकट्याने काम करणाऱ्या ऑपरेटरच्या बाबतीत वैयक्तिक बक्षीस चालू शकते, मात्र तिथेही सेटिंग करणारा आणि तपासणी करणारा यांना विसरू नये.

सुधारणा सुचवणाऱ्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी. जिग (काम पकडून ठेवणारे साधन) बदलल्याने वेळ वाचला किंवा पॅटर्न (साच्याचा नमुना) ठेवण्याची जागा बदलल्याने फेऱ्या कमी झाल्या, अशा सूचना कामगारांकडूनच येतात. इथे रकमेपेक्षा तत्परता महत्त्वाची ठरते. सूचना आल्यापासून आठवड्याच्या आत होकार किंवा नकार, आणि नकार असल्यास त्याचे कारण, समोर बोलावून सांगावे. सूचनापेटी टांगून ती महिनोन्महिने न उघडण्यापेक्षा ती न टांगलेली बरी.

‘अपघातमुक्त महिना’ असे बक्षीस मात्र कोणत्याही कारखान्याने लावू नये, असे माझे ठाम मत आहे. गटाची रक्कम बुडू नये म्हणून कामगार भाजलेला हात फडक्यात गुंडाळून काम करत राहतो, आणि सोबतीही गप्प बसतात. त्याऐवजी थोडक्यात टळलेल्या अपघाताची, सैल झालेल्या साखळीची किंवा ओल्या साच्याची माहिती देणाऱ्याला शाबासकी आणि लहान बक्षीस द्यावे. वितळलेला धातू ओल्या साच्यात पडला की क्षणार्धात वाफ होऊन तो उसळतो. अशी माहिती वेळीच मिळाली तर एखाद्याचे डोळे वाचतात.

हजेरीचे बक्षीस आणि सुगी

आपल्याकडचे अनेक कामगार आसपासच्या खेड्यांतून येतात आणि त्यांची थोडीफार शेती असते. खानापूर भागात पावसाळ्यात भाताची लावण आणि दिवाळीच्या सुमारास सुगी असते, गावची महालक्ष्मी यात्रा तर अनेक वर्षांनी एकदा येते. या काळात माणूस रजा घेणारच. अशा वेळी वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला मोठे बक्षीस ठेवले, तर शेती असलेला कामगार जूनमध्येच त्या स्पर्धेतून बाद होतो आणि मग पुढचे खाडे टाळण्याचे त्याला कारणच उरत नाही. त्यापेक्षा हजेरीचे बक्षीस तिमाही ठेवावे, आणि पंधरा दिवस आधी नोंदवलेली रजा गैरहजेरीत धरू नये. त्यामुळे कोण केव्हा जाणार हे आधी कळते आणि सुपरवायझरला माणसांची अदलाबदल करता येते.

एकत्र येण्याचे प्रसंग

खंडेनवमीची यंत्रपूजा हा आपल्या कारखान्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांना आपला वाटणारा प्रसंग असल्याने नवे उपक्रम त्याला जोडावेत. त्या दिवशी कुटुंबीयांना कारखाना पाहायला बोलवावे; आपला मुलगा किंवा नवरा कोणत्या यंत्रावर काय बनवतो हे अनेक घरांनी कधी पाहिलेलेच नसते. त्यांना यंत्राची ओळख मालकाने करून न देता त्या कामगारानेच करून द्यावी. भट्टी बंद असावी, आणि मुलांसाठी चालण्याच्या वाटा आखून ठेवाव्यात.

क्रिकेटचे सामने लोकप्रिय आहेत, पण त्यांत तरुणच खेळतात आणि वयस्कर कामगार व स्त्रिया बघत राहतात. संघ विभागवार पाडले तर मोल्डिंग विरुद्ध मशिन शॉप ही नेहमीची तेढ मैदानावरही येते. म्हणून चिठ्ठ्या टाकून मिश्र संघ करावेत. माझ्या मते आग विझवण्याचे किंवा प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक गटागटांनी करून घेणे हा अधिक उपयोगी सांघिक उपक्रम आहे.

सहल ठेवल्यास गोकाकचा धबधबा, कित्तूरचा किल्ला किंवा आंबोली ही ठिकाणे एका दिवसात होतात. पावसाळ्यात धबधब्याजवळ कोणी काठापुढे जाणार नाही याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. एकाच दिवशी सर्वांना नेले की पाळी बुडते, आणि अर्ध्यांना नेले की उरलेले नाराज होतात. म्हणून दोन तुकड्यांत, सारख्याच खर्चाने आणि सारख्याच जेवणाने जावे. जेवणात शाकाहारी पंगत वेगळी आणि आधी वाढलेली असावी, श्रावण व रमजान यांचे भान ठेवावे, आणि स्त्री कामगार अंधार पडण्याआधी घरी पोहोचतील असा परतीचा वेळ धरावा.

तारीख आणि भाषा यांबाबत सीमाभागात विशेष जपावे लागते. १ नोव्हेंबर ही कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आहे, आणि त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिन पाळतात. कंपनीचा कोणताही समारंभ त्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे ठेवू नये. बक्षिसाचे नियम मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत सारख्याच आकाराच्या अक्षरांत लावावेत, उत्तर भारतातून आलेले कामगार असल्यास हिंदीतही लावावेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला वाचून दाखवावेत. सूत्रसंचालन दोन जणांकडे द्यावे. बक्षिसासाठी पुकारलेल्या नावांचा उच्चार आधी त्या त्या माणसाला विचारून घ्यावा.

प्रत्येक कार्यक्रमानंतर आठवड्याभरात एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: एकूण खर्च, कोण आले नाही, आणि का आले नाही. न येण्याचे कारण सुपरवायझरच्या अंदाजावर न लिहिता त्या कामगाराला, आणि रात्रपाळीवाल्याला त्याच्याच पाळीत जाऊन, विचारावे. पुढच्या वर्षाची तरतूद एप्रिलमध्ये ठरवताना ही वही प्रत्येक पाळीतून निवडलेल्या एकेका कामगारासमोर उघडावी, आणि कोणता कार्यक्रम ठेवायचा व कोणता वगळायचा हे त्यांच्याशी बोलूनच पक्के करावे.