घाटात व्हॅन हिसके देते? आधी आजारी सिलिंडर शोधा

कन्नडचा घाट चढताना जुनी एअर-कूल्ड फोक्सवॅगन व्हॅन हिसके द्यायला लागली, की आपल्याकडे आधी कार्बोरेटर खोलतात. नका खोलू. इंजिन स्लोवर ठेवा आणि इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची कॅप काढून बघा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक नाही, तर आजारी तोच. (इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर निघालेली वायर लोंबकळत ठेवू नका, इंजिनच्या धातूला टेकवून अर्थिंग द्या.)

मग तिथला प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. बिघाड सोबत गेला, तर प्लगच खराब. नाही गेला, तर अंधारात वायरी बघा. माझी गाडी कापसाच्या गोदामाशेजारी उभी असायची. उंदराने कुरतडलेल्या जागी निळी ठिणगी टिकटिक उडत होती! वायरी परत लावताना सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम १-४-३-२.

तरीही तोच सिलिंडर मेलेला, आणि त्यातून तो तीन नंबरचा असेल, तर व्हॉल्व्हची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) तपासा. जुन्या इंजिनात ऑइल कूलर थंड हवेच्या वाटेत येतो, म्हणून हा सिलिंडर जास्त तापतो. गॅप ०.१५ मिमी, तीही पूर्ण थंड इंजिनावर. जळगावच्या मे महिन्यात म्हणजे पहाटेच, चहाच्या आधी.